ऑनलाइन बुकिंग साइटवरून हॉटेलची रूम अजून स्वस्तात कशी मिळवायची?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत पुण्याहून दहा-बारा जण धुळ्याला एकविरा देवीला येताय, पोराचं जाऊळ काढायचंय, ॲपवर १८०० च्या आसपास रूम दिसतायत आणि कुपन लावून, इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खाजगी विंडोत) बघून अजून किती खाली येतील. इथपर्यंत ठीक आहे, पण शेवटी तुम्ही जे जोडलंय ना, "डायरेक्ट गेलं की हॉटेलवाले लुटतातच, म्हणून ॲपच बरं", ते वाचून मी उत्तर लिहायला बसले. माझ्या पप्पांचं धुळ्यात लॉज आहे. मोठं हॉटेल नाही, साधं लॉज, खाली काउंटर आणि वर रूम. ॲपची सगळी कामं, रेट टाकणं, रूम उघडणं-बंद करणं, रिव्ह्यूला उत्तर देणं, हे मीच बघते, त्यामुळे पडद्यामागून काय चालतं ते मला रोज दिसतं.

इन्कॉग्निटोचं आधी सांगून टाकते. त्याने रेट कमी होत नाही, उलट बऱ्याचदा जास्त दिसतो, कारण लॉगिन केलेल्या मेंबरचा रेट वेगळा, मोबाईल ॲपचा रेट वेगळा, एखाद्या बँकेच्या कार्डावरचा वेगळा, आणि इन्कॉग्निटोमध्ये यातलं काहीच लागू होत नाही. लॉगिन करून मोबाईलवरच बघा, फ्री कॅन्सलेशनवाली रूम धरून ठेवा, तारीख जवळ आली की परत एकदा बघा, कमी झाला असेल तर नवीन घ्या आणि जुनी सोडा. ॲपमधल्या ॲपमध्ये एवढंच करता येतं.

आता लुटण्याचं. जीएसटी कमी व्हायच्या आधीची गोष्ट आहे, वैशाखातली दाट तिथी होती, धुळ्यात एक मंगल कार्यालय रिकामं नव्हतं. पुण्याचंच एक कुटुंब लग्नाला आलं होतं, ॲपवरून दोन रूम घेतल्या होत्या, रूमचा रेट १८००, वर १२ टक्के टॅक्स, वर ॲपची कन्व्हिनियन्स फी, म्हणजे त्यांच्या खिशातून एका रूमचे दोन हजारांच्या वर गेलेले. त्यांच्या शेजारच्या रूममध्ये बियाण्याच्या कंपनीचे एक सेल्सवाले दादा होते, ते दर महिन्याला येतात, कापसाच्या सीझनआधी तर जास्तच, आणि त्यांचा आमच्याकडे १३०० अधिक टॅक्स असा ठरलेला रेट आहे. सकाळी खाली चहाच्या टपरीवर दोघांच्या गप्पा झाल्या आणि रेट निघाला. ते पुण्याचे काका तसेच वर न जाता काउंटरला आले आणि पप्पांना, सगळ्या पाहुण्यांसमोर, लग्नाचे कपडे घातलेल्या लोकांसमोर म्हणाले की तुम्ही चोर आहात, एकाच मजल्यावर एकाच पलंगाचे एकाला तेराशे आणि आम्हाला दोन हजार. पप्पा उभे राहिले, हात जोडले, एक शब्द उलट बोलले नाहीत. मी बोलायला गेले तर मला म्हणाले, "जाऊ दे बेटा, त्यासले काही बोलू नको."

पण मी बोलले. मोबाईलवर त्यांच्याच बुकिंगचा हिशोब उघडला आणि त्यांच्यासमोर धरला. १८०० वर २२ टक्के कमिशन म्हणजे ३९६, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ७१, असे ४६७ तिथेच गेले, हातात राहिले १३३३ च्या आसपास, त्यातून टीसीएस-टीडीएसचे, म्हणजे ॲप परस्पर कापून सरकारकडे भरतं त्या टॅक्सचे, किरकोळ जातात ते वेगळे. म्हणजे ज्या माणसाला स्वस्त दिली म्हणून आम्ही चोर, त्याच्याकडून १३०० आणि तुमच्याकडून १३३३, पप्पांच्या गल्ल्यात फरक जेमतेम तेहतीस रुपयांचा, आणि तेवढ्यात तुमच्या खिशातून सहाशेच्या आसपास जास्त गेलेले. ते कुठे गेले ते स्क्रीनवर लिहिलेलं होतं. काकूंनी बघितलं आणि त्यांना म्हणाल्या, अहो चला वर. काकांनी काही माघार घेतली नाही. संध्याकाळी एक स्टारचा रिव्ह्यू आला, त्यात "फ्रॉड" लिहिलेलं, आणि तो अजून आहे, आमचं नाव टाकलं की वरच दिसतो. पप्पांनी तो माझ्याकडून वाचून घेतला होता. पाहुणा आला म्हणून रात्री दोन वाजता दार उघडून देणारा माणूस आहे तो, त्याच्या नावापुढे हा शब्द.

म्हणून सांगते, केळीचा भाव रावेरच्या शेतकऱ्याला काय मिळतो आणि पुण्यात डझनाला तुम्ही काय देता, मधलं अंतर कोण खातं ते तुम्हाला कळतं ना, मग रूमच्या बाबतीत कळायला काय अडचण आहे. साधारण १५ ते २५-३० टक्क्यांपर्यंत कमिशन असतं, लिस्टमध्ये वर दिसायचं असेल तर अजून द्यावं लागतं, आणि तुम्हाला जी "मोबाईल डील" दिसते तिचं डिस्काउंट बऱ्याचदा हॉटेलवाल्याच्याच खिशातून जातं. मग हॉटेलवाला काय करतो, मूळ रेटच वाढवून टाकतो. २५०० खोडून १५०० दिसतात ना, तो २५०० कुणी कधी दिलेला नसतो, तो खोडण्यासाठीच टाकलेला असतो. आणि "फक्त १ रूम शिल्लक" म्हणजे लॉजमध्ये एकच रूम उरली असं नाही, त्या ॲपला आम्ही जेवढ्या रूम दिल्या त्यातली एक उरली. वरचा अख्खा मजला रिकामा असू शकतो. खोटी घाई लावणं, शेवटच्या स्क्रीनवर फी वाढवत नेणं, न विचारता इन्शुरन्स टिक करून ठेवणं, असले १३ प्रकार केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या गाइडलाइनमध्ये डार्क पॅटर्न म्हणून बंद करायला सांगितलेत, असं काही झालं तर १९१५ वर तक्रार करता येते. बुक करताना ती टिक मात्र स्वतः बघून काढा.

तुम्ही म्हणाल मग हॉटेलवाले स्वतःच्या वेबसाइटवर कमी रेट का नाही टाकत. कारण करारात कलम असायचं की आमच्यापेक्षा कमी रेट कुठेच दाखवायचा नाही, तुमच्या स्वतःच्या साइटवरसुद्धा नाही. हॉटेलवाल्यांच्या फेडरेशनच्या तक्रारीवरून कॉम्पिटिशन कमिशनने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा दंड लावला, आणि हॉटेलांवरची ही रेटची बंधनं काढायला सांगितलं, तेव्हा कुठे हे लोकांसमोर आलं. तरी छोटा लॉजवाला आजही उघड्यावर कमी रेट लिहायला बिचकतो, लिस्टमध्ये खाली जाऊ म्हणून. फोनवर मात्र सांगतो. त्यामुळे कमी रेट हवा असेल तर फोन केल्याशिवाय पर्याय नाही.

माझा एक आतेभाऊ आहे पुण्यात, आयटीत, तो दर दिवाळीला पप्पांना ऐकवतो की मामा, ॲपवर ट्रान्सपरन्सी असते, तुमच्या काउंटरवर तोंड बघून रेट लागतो. पप्पा हसून सोडून देतात, मी नाही सोडत. सेल्सवाल्या दादांना कमी रेट लागतो तो तोंड बघून नाही, ते दर महिन्याला येतात, कॅन्सल करत नाहीत, त्यांना आणायला आम्हाला कुणाला कमिशन द्यावं लागत नाही. आणि ॲप काय करतं? लॉगिन असेल तर एक रेट, नसेल तर दुसरा, अमुक बँकेचं कार्ड असेल तर तिसरा. एकाच रूमला एकाच मिनिटाला तीन माणसांना तीन रेट, याला म्हणायचं ट्रान्सपरंट, आणि पप्पांनी ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोनशे कमी केले की ते तोंड बघून. हे मला पटत नाही आणि कधी पटणार पण नाही.

तर तुमचं काम. ॲप उघडा, फोटो बघा, रिव्ह्यू वाचा (मराठी-हिंदीतले वाचा, खरं तिथे असतं, पाणी येतं का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, गादी कशी), तीन-चार लॉज निवडा आणि मग मॅपवरून नंबर काढून दुपारी तीन-चारच्या दरम्यान फोन करा. सकाळी चेकआऊटची धांदल असते, संध्याकाळी गाड्या यायला लागतात, दुपारी काउंटरचा माणूस निवांत असतो आणि मालक पण बऱ्याचदा तिथेच असतो. सरळ सांगा की ॲपवर तुमची रूम एवढ्याला दिसतेय, चार रूम लागणार आहेत, डायरेक्ट घेतल्या तर काय लावाल. चार रूम म्हटल्यावर कुठलाही शहाणा लॉजवाला कमी करतो. टॅक्स धरून आकडा विचारा, ७५०० पर्यंतच्या रूमला २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ च्या जागी ५ टक्के जीएसटी आहे, बिलावर कुणी अजून १२ लावत असेल तर बोट ठेवा. जादा गादीचे किती ते पण आत्ताच विचारा, दहा-बारा जणांत तिथेच खर्च वाढतो. आणि ठरलं ते सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

सगळ्यात जास्त पैसे मात्र कुपनात नाही, चेकआऊटच्या वेळेत वाचतात, आणि हे कुणी सांगत नाही. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स तुम्हाला पहाटे पाचच्या सुमारास धुळ्यात उतरवेल. ॲपच्या रूमचं चेक-इन बऱ्याचदा दुपारी बाराला असतं, म्हणजे एकतर लहान लेकरांना घेऊन सात तास बसा किंवा आदल्या रात्रीचे पण भरा. आपल्याकडच्या जुन्या लॉजमध्ये चोवीस तासाचं चेकआऊट असतं, पहाटे पाचला आलात की दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत रूम तुमची. आंघोळी करा, देवीला जा, जाऊळ काढा, दुपारी झोपा, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत निघा, एका दिवसाच्या भाड्यात सगळं होतं. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. नाश्ता धरून रेट घेऊ नका, तोच पोहे-ब्रेड मिळतो, बाहेर निघालात की गरम पोहे, भजी त्याच्या कितीतरी कमी पैशात मिळतात.

आता ॲप घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. मुंबई-बंगलोरसारख्या ठिकाणी, मोठ्या चेन हॉटेलात, किंवा ॲप स्वतःच्या खिशातून बँकेची ऑफर देत असेल तेव्हा ॲप खरंच स्वस्त पडतं, तेव्हा घ्याच. एकटी बाई अनोळखी गावात रात्री उतरणार असेल तर आधी पैसे भरलेलं, रिव्ह्यू असलेलं बुकिंग बरं, मी स्वतः तसंच करते. आणि रेल्वेने चाळीसगाव, जळगाव, भुसावळकडे जाणार असाल तर स्टेशनवर रिटायरिंग रूम आहे का ते आयआरसीटीसीवर आधी बघा, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर मिळते.

अजून एक, हे आधी लिहायला हवं होतं. नेटवर हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून पैसे उकळणारे खूप झालेत, विशेषतः देवस्थानाच्या गावांत. दोन वेगवेगळ्या ठिकाणी तोच नंबर दिसतोय का बघा, व्हिडिओ कॉलवर रूम दाखवायला सांगा, खरा लॉजवाला दाखवतो. "आत्ताच्या आत्ता पूर्ण पैसे टाका" म्हणणाऱ्याला टाकू नका, ॲडव्हान्स थोडाच द्या. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येतात.

एकविरेला मंगळवार-शुक्रवारी गर्दी असते, तुम्हाला वार बदलता येत असेल तर बुधवार-गुरुवार बघा, रूम पण आरामात मिळेल आणि दर्शन पण. आणि त्या तारखेला धुळ्यात लग्नाची दाट तिथी आहे का ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या, असेल तर आजच फोन करा, कारण तिथीच्या दिवशी पप्पा पण रेट कमी करत नाहीत.