वाचकांचे प्रश्न : लेन्स आजच्या कॅमेऱ्यासाठी की उद्याच्या?

प्रश्न : माझ्याकडे १.५ क्रॉपचा डीएसएलआर कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८–५५ मिमीची लेन्स आहे. दोन-तीन वर्षांत फुल फ्रेम कॅमेरा घेण्याचा विचार आहे. तेव्हा पुन्हा खर्च नको म्हणून आत्ताच २४–७० मिमी, एफ २.८ ही फुल फ्रेमची लेन्स घेऊन ठेवावी, असे मित्र सुचवतात. मी मुख्यतः घरगुती समारंभांची आणि प्रवासातली छायाचित्रे काढतो. हा सल्ला मानावा का?

उत्तर : सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आहे, पण आपण काढत असलेली छायाचित्रे पाहता तो मानू नये, असे माझे मत आहे. फुल फ्रेम सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रतिमा टिपणारा भाग) ३६ × २४ मिमीचा असतो, तर आपल्या कॅमेऱ्याचा सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा; लांबी-रुंदीतला हा दीडपटीचा फरक म्हणजेच ‘१.५ क्रॉप’. लेन्सने टाकलेल्या प्रतिमेचा केवळ मधला भाग हा लहान सेन्सर टिपतो, त्यामुळे फुल फ्रेमवर कर्णाच्या दिशेने ८४ अंश पाहणारी २४ मिमीची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर जेमतेम ६१ अंश पाहते, म्हणजे फुल फ्रेमवरच्या ३६ मिमीच्या लेन्सएवढे. आज आपल्याकडे असलेली १८ मिमीची बाजू त्याच हिशेबाने २७ मिमीचे काम करते. याचा अर्थ, बऱ्यापैकी मोठी रक्कम मोजून आपण खोलीतला सगळा परिवार एका चौकटीत मावण्याची सोय गमावून बसाल. मी स्वतः एकदा असाच ‘पुढचा विचार’ केला होता आणि त्यानंतरच्या प्रत्येक समारंभात भिंतीला पाठ टेकवूनही कडेची माणसे कापली जात होती, हे येथे कबूल करायला हरकत नाही.

आपल्याला हवी आहे ती खास क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली, १७–५० मिमीच्या आसपासची आणि एफ २.८ हे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचे माप, झूमभर कायम ठेवणारी लेन्स. फुल फ्रेमवर २४–७० जे काम करते तेच काम ही आपल्या कॅमेऱ्यावर करते, आणि आकाराने व वजनाने ती सहसा आटोपशीर असते. एक फरक मात्र राहतो. एफ २.८ मुळे शटरचा वेग दोन्हीकडे सारखाच मिळतो. परंतु चौकट तीच ठेवली, तर पार्श्वभूमीची धूसरता फुल फ्रेमवर एफ ४ च्या आसपास मिळेल तेवढीच असते. ही धूसरता आपल्यासाठी महत्त्वाची असेल, तर फुल फ्रेम घेण्याचे ते एक खरे कारण आहे. पण मग कॅमेराच बदलावा, केवळ लेन्स बदलून ते साधणार नाही.

‘पुढे उपयोगी पडेल’ हा युक्तिवाद जिथे लागू पडतो अशा लेन्स आहेतच. ५० मिमी, एफ १.८ ही लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर ७५ मिमीसारखी, म्हणजे व्यक्तिचित्रणासाठी उत्तम चालते आणि फुल फ्रेमवर गेल्यावर रोजच्या वापराची होते. ७०–२०० मिमीसारखी टेलिफोटो लेन्सही दोन्हीकडे निःशंकपणे वापरता येते. अडचण येते ती वाइड अँगलच्या बाजूला.

शिवाय आपला पुढचा कॅमेरा मिररलेस, म्हणजे डीएसएलआरसारखा आरसा नसलेला, असण्याचा संभव मोठा आहे, आणि तसे झाले तर माउंटही, म्हणजे लेन्स बसवण्याची जोडणीही, बदलेल. आज घेतलेली डीएसएलआरची लेन्स तेव्हा ॲडॅप्टर लावूनच वापरावी लागेल, त्यामुळे ‘एकदाच खर्च’ हा हिशेब तितकासा पक्का राहत नाही. क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर लावता येते का, हेही कंपनीगणिक बदलते. कॅननच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स बसतात, पण कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण १० मेगापिक्सेलचे होते.

प्रश्न : माझी ३५ मिमीची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यासाठीच बनवलेली आहे. तरीही तिची फोकल लेंथ १.५ ने गुणावी लागते का?

उत्तर : होय. लेन्सवर छापलेला आकडा तिच्या भिंगांच्या रचनेचा असतो आणि तो कोणत्याही कॅमेऱ्यावर बदलत नाही. क्रॉपसाठीच्या लेन्सचे प्रकाशवर्तुळ, म्हणजे तिने आत टाकलेल्या प्रतिमेचे वर्तुळ, लहान असते, एवढाच फरक. फुल फ्रेमची ३५ मिमी आणि आपली ३५ मिमी एकाच क्रॉप कॅमेऱ्यावर लावल्या, तर दोन्हींतून सारखेच, फुल फ्रेमवरच्या ५२ मिमीइतके दृश्य दिसेल. गुणाकार केवळ दृश्यकोनाच्या तुलनेसाठी आहे. फुल फ्रेम कधी वापरलाच नसेल, तर तो विसरून गेलात तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी क्रॉप कॅमेराच बरा, कारण ३०० मिमीची लेन्स ४५० मिमीची होते, असे म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. पक्ष्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा दोन्ही कॅमेऱ्यांत तेवढ्याच आकाराची असते. लाभ होतो तो पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले असल्यामुळे. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे असतील, तर क्रॉपमध्ये त्याच पक्ष्याच्या वाट्याला सव्वादोनपट पिक्सेल येतात. याउलट ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममधून तेवढाच मधला भाग कापला तरी सुमारे २० मेगापिक्सेल उरतात, म्हणजे हा लाभ जवळजवळ संपतो. मात्र कॅमेरा हातात धरून छायाचित्र घेताना शटरचा वेग ठरवायचा तो ४५० हाच आकडा धरून : स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठीही किमान १/५०० सेकंद, आणि उडणाऱ्यासाठी त्याच्या तिप्पट-चौपट.