शहर कुठे दिसतंय यात? आणि खाली १२/४० कशाला?

प्रश्न : काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत लिथोग्राफ बघितले, विषय शहर होता पण मला नुसते राखाडी पट्टे आणि मधे एक लाल चौकोन दिसला. खाली पेन्सिलने १२/४०. म्हणजे अशा चाळीस कॉप्या असतील तर ओरिजिनल कुठलं? घ्यायचं मनात आहे, घरचे म्हणतात पोस्टरला एवढे पैसे कशाला. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घरच्यांना सांगा, चाळीसच्या चाळीस ओरिजिनलच आहेत. लिथोग्राफ म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, चित्रकार थेट चुनखडीच्या दगडावर तेलकट क्रेयॉनने काढतो, मग गोंद-अॅसिड लावून दगड तयार करतात, पाण्याने ओला करून शाईचा रोलर फिरवतात, तेलकट जागी शाई धरते आणि ओल्या जागी धरत नाही, १७९६ च्या सुमारास जर्मनीत झेनेफेल्डरने शोधलेली ही युक्ती आजही तशीच चालते. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला तोही असल्याच दगडांचा, पण तिथे आधी पेंटिंग असायचं आणि त्यावरून छापायचे. तुम्ही बघितलेल्याचं आधीचं पेंटिंग नसतं, कागदावर उतरतं तेच चित्र. १२/४० म्हणजे चाळीसातला बारावा, नंबर लहान म्हणून भारी असं काही नसतं.

खात्री करायची तर भिंग घेऊन जा, खरंच. पोस्टरमध्ये बारीक रंगीत ठिपके एकसारखे ओळीत दिसतात, दगडावरच्या क्रेयॉनची रेघ मात्र खरबरीत, कुठे दाट कुठे तुटक. आणि त्या लाल चौकोनाची कड बघा, प्रत्येक रंगाला सहसा वेगळा दगड लागतो, कागद पुन्हा पुन्हा प्रेसखालून जातो, त्यामुळे लाल राखाडीवर चढतो तिथे एक तिसराच काळपट रंग तयार होतो. मला तर सगळी मजा तिथेच वाटते.

आता शहर. बिल्डिंगा शोधू नका हो. फास्ट लोकलच्या दारात उभं राहिल्यावर परळ ते भायखळा जसं भिंत, पत्रा, खांब, मधेच आभाळ असं सरकत जातं ना, तसं बघा, कुठला पट्टा वर आहे, कुठला दबलाय, डोळा कुठे अडतो. डच चित्रकार मोंद्रियानने १९४२-४३ मध्ये न्यूयॉर्क रंगवलं तेही पिवळ्या पट्ट्यांत आणि लाल-निळ्या चौकोनांत, एक खिडकी नाही त्यात.

घेतलंत तर माउंट, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती लावतात तो पुठ्ठा, अॅसिड-फ्री घ्या, काच कागदाला टेकू देऊ नका आणि पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर अजिबात लावू नका, मुंबईच्या दमटपणात कागदावर बुरशीचे तपकिरी डाग पडतात आणि ते काढणं महागात जातं. गॅलरीकडून एडिशन एकूण किती प्रतींची, चित्रकाराने स्वतःसाठी आणखी किती प्रती ठेवल्यात, छपाई दगडावरची की धातूच्या प्लेटवरची, एवढं लिहून मागा.