वाचक विचारतात : नाट्यसंगीताची मैफल, तिकिटापासून भैरवीपर्यंत

राहुल देशपांडे, महेश काळे, आनंद भाटे यांच्यासारखे गायक गावोगावी नाट्यपदं घेऊन जातात. तिकीट कुठलं घ्यावं इथपासून मैफल आपल्या गावात कशी आणावी इथपर्यंतचे प्रश्न आमच्याकडे येत असतात. त्यातल्या काहींची उत्तरं या वेळी.

प्रश्न : पहिल्या तीन रांगांचं तिकीट दुप्पट आहे. आवडत्या गायकाला एकदाच ऐकायचं तर तेच घ्यावं का? (डोंबिवली)

चेहरा बघायचा असेल तर घ्या, गाणं ऐकायचं असेल तर घेऊ नका. नाट्यगृहाचे मुख्य स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही कडांना असतात, त्यांचा आवाज पुढच्या तीन रांगांच्या डोक्यावरून जातो. तिथे बसलेल्याला ऐकू येतो तो तबल्याचा थेट आवाज आणि गायकासमोरच्या मॉनिटरची, म्हणजे गायकाला स्वतःचं गाणं ऐकवणाऱ्या स्पीकरची, मागची बाजू. शब्द पुसट होतात, डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग) मात्र छातीवर आदळतो.

सातवी ते बारावी रांग, शक्यतो मधल्या भागातली, ही जागा सोन्यासारखी. ध्वनिसंयोजकाचं टेबल प्रेक्षागृहात मांडलेलं असेल, तर त्याच्या लगतची रांग डोळे मिटून घ्या, कारण तो माणूस त्याच जागेवरून आवाज जुळवत असतो. बाल्कनीची पहिली रांगही उत्तम. टाळायच्या त्या बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा. तिथे खर्ज कोंडतो आणि गायक पिंपात गातोय असं वाटतं.

ऑनलाइन नकाशात पुढच्या रांगा लगेच भरलेल्या दिसल्या तर घाबरू नका. त्या बऱ्याचदा निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या असतात आणि शेवटच्या दोन दिवसांत त्यातल्या काही खिडकीवर सुटतात.

प्रश्न : जुन्या रेकॉर्डवर पद तीन मिनिटांत संपतं. मैफलीत तेच पंधरा मिनिटं चालतं. मूळ कुठलं म्हणायचं? (सांगली)

रेकॉर्डवरचं तर नक्कीच नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावत. त्यामुळे मुखडा, अंतरा, चार ताना, की संपलं. बालगंधर्वांच्या रंगमंचावर ‘वन्स मोअर’ येत राहायचे आणि पद वाढत जायचं. मागे थिरकवांचा तबला असायचा. म्हणजे लांबी ही मैफलीची बिघडलेली सवय नाही, ती रंगभूमीवरूनच आलेली आहे.

तरी एक फरक उरतोच. नाटकात पदाच्या आधी प्रसंग असतो. ‘सौभद्र’ नाटकात दुर्योधनाशी लग्न ठरल्यावर सुभद्रा ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणते. ती अडकलेली आहे, तिला कुणी वाली नाही. मैफलीत हा प्रसंग गायकाला दोन वाक्यांत आणि ‘शरण’ या एका शब्दावर थांबून उभा करावा लागतो. तिथे थेट द्रुत तानांचा पाऊस पडला की तान सुंदर आणि पद मेलेलं. म्हणून ऐकताना बघा : गायक पहिली ओळ किती वेळा, कितक्या तऱ्हांनी म्हणतो? शब्द मोडून बोलतान, म्हणजे पदाच्या शब्दांवरची तान, घेतोय की नुसता ‘आ’कार? तीस मिनिटं ख्याल गाऊन शेवटी पदाची ओळ चिकटवणं हा ख्यालच झाला, त्याला नाट्यसंगीत म्हणू नये.

आयत्या वेळी राग ओळखायचा छंद असेल तर सोप्या तीन खुणा. ‘नाथ हा माझा’ यमन, ‘मम आत्मा गमला’ बिहाग, ‘सुजन कसा मन चोरी’ भूप. तिन्ही १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली, चाली भास्करबुवा बखल्यांच्या.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला नामवंत गायकाची नाट्यसंगीत मैफल ठेवतो आहोत. सभागृह ४५० खुर्च्यांचं. मंच, माइक, वेळ याचं नेमकं काय लागतं? गेल्या वेळी शिट्ट्यांनी कार्यक्रमाचा विचका झाला. (चिपळूण)

आधी संच मोजा. गायक, तबला, हार्मोनिअम, ऑर्गन, पखवाज, टाळ किंवा इतर तालवाद्य, मागे दोन तानपुरे, बाजूला निवेदक. बैठकीसाठी निदान १६ फूट रुंद, १२ फूट खोल आणि दीड फूट उंच चौथरा हवा. त्यावर गादी नको, घट्ट सतरंजी आणि वर पांढरी चादर. मऊ गादीवर तबल्याच्या चुंबळी (खालच्या कापडी कड्या) कलतात आणि वादक सबंध कार्यक्रमभर तबला सावरत बसतो. ऑर्गनवाला खुर्चीवर बसतो, म्हणून ऑर्गन चौथऱ्याबाहेर, गायकाला वादकाचा चेहरा दिसेल अशा कोनात ठेवा.

माइक असे : गायक १, तबला-डग्गा २, पखवाज २, हार्मोनिअम १, ऑर्गन १, टाळ १, तानपुरे २, निवेदक १. झाले ११. बारावा जोडून, चालू करून, बाजूला ठेवा. गायकाचा माइक ऐन पदात गेला तर धावाधाव नको. मिक्सर १६ चॅनेलचा घ्या.

आता शिट्टी. ती येते कारण मॉनिटरमधून निघालेला गायकाचा आवाज पुन्हा त्याच माइकमध्ये शिरतो आणि चक्र सुरू होतं. मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे, माइककडे तोंड करून ठेवला तर धोका सर्वांत कमी. लोक तो हौसेने बाजूला सरकवतात, फोटोत दिसतो म्हणून! गायकाच्या मॉनिटरमध्ये तानपुरा आणि हार्मोनिअम भरपूर, त्याचा स्वतःचा आवाज बेतास बात. गायक ‘जरा वाढवा’ म्हणाला की तंत्रज्ञ सगळंच वाढवतो आणि तिथेच बिघडतं. आधी विचारा, काय वाढवू? शिट्टी आलीच तर सगळा आवाज खाली ओढू नये, ज्या पट्ट्यात ती वाजते तेवढाच इक्वलायझरवर कमी करावा.

इको जवळजवळ बंद ठेवा. भावगीताला तो शोभतो, नाट्यपदात शब्दाचा शेवट पुढच्या शब्दावर चढतो. आणि रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज भरल्यावर बदलतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. चाचणीत किंचित घुमत असेल तर घुमू द्या.

चिपळूणला हवेचा प्रश्न वेगळाच. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल पडून स्वर उतरतो, एसीच्या कोरड्या हवेत ती ताणून स्वर चढतो. म्हणून एसी कार्यक्रमाच्या किमान एक तास आधी सुरू करा, वाद्यं त्याच हवेत ठेवा आणि मगच जुळवा. मध्यंतरात एसी बंद करू नका. पंधरा मिनिटांत सगळी मेहनत पाण्यात जाते. तानपुऱ्यांचंही तेच.

गायकाची पट्टी, म्हणजे तो हार्मोनिअमच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरतो, ते आधी विचारून घ्या. पुरुष गायक काळी एक किंवा पांढरी दोन म्हणाले तर तबला षड्जात (‘सा’मध्ये) लागतो. गायिका काळी चार म्हणाल्या तर तबला बहुधा मध्यमात (‘म’मध्ये), म्हणजे काळी एकमध्ये लागतो. स्थानिक तबलजीकडून जादा तबला मागवून ठेवायचा असेल तर ही एक गोष्ट कळली नाही तर तो तबला नुसता शोभेचा.

दिव्यांचे डिमर आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर घ्या, नाहीतर दिवे मंद केले की स्पीकर घरघरतो. कलाकार कार्यक्रमाच्या तीन तास आधी पोहोचतील असं बघा. दीड तास मांडणी आणि चाचणी, पाऊण तास विश्रांती, मग चहा. गायकाला थंड पाणी देऊ नका, कोमट पाण्याचा थर्मास त्याच्या उजव्या हाताशी ठेवा.

शेवटचं, आणि हे लिहायला कुणी धजावत नाही : सत्कार आणि भाषणं सुरुवातीला दहा मिनिटांत उरका. मैफल अडीच तासांची असते, त्यात मध्यंतर पंधरा मिनिटांचं. पाऊण तास भाषणांत गेला की रात्री भैरवी, म्हणजे मैफलीचं शेवटचं पद, ऐकायला निम्मं सभागृह उरतं. निवेदनही तसंच. चांगला निवेदक पदाआधी दीड मिनिट बोलतो, प्रसंग सांगतो आणि बाजूला होतो.

प्रश्न : तिकीट लावायचं असेल तर कर, परवाने, स्वामित्वहक्क यांचं काय? (कोल्हापूर)

माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के लागतो. तिकिटं ५०० वर का थबकतात हे आता कळलं असेल.

उघड्या मैदानात रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या ठरावीक १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, ते दिवस जिल्हाधिकारी कार्यालयातून विचारून घ्या. बंदिस्त नाट्यगृहाला ही मर्यादा लागू होत नाही, तरी नाट्यगृहाची स्वतःची वेळ पाळावीच लागते.

पदांच्या हक्काचं गणित असं : रचनाकार गेल्यानंतर ६० वर्षं. ‘सौभद्र’ लिहिणारे किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, ‘स्वयंवर’ लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये, ‘मानापमाना’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. ही सगळी पदं मोकळी झाली आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ मात्र नाही. संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले. पदांची यादी गायकाकडून लेखी घ्या आणि अशा पदांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना काढा.

प्रश्न : एका मैफलीत ‘घेई छंद मकरंद’ दोनदा, वेगळ्या चालींत ऐकलं. गायकाने स्वतः चाल लावली का? (नागपूर)

नाही, ती दोन्ही नाटकातलीच. १९६७ च्या ‘कट्यार’मध्ये दोन घराण्यांची, पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायकांची गोष्ट आहे आणि अभिषेकींनी एकच पद दोघांना दोन तऱ्हेने दिलं. पंडितजींची चाल सालगवराळी रागातली, संथ, शब्द कुरवाळणारी. खाँसाहेबांची धानी रागातली, दौडणारी, आक्रमक. खाँसाहेबांचं काम वसंतराव देशपांड्यांचं. दोन्ही लागोपाठ गाणाऱ्या गायकाला आवाजाची जात मध्येच बदलावी लागते. तेवढंच ऐका. पहिल्या चालीत खाँसाहेब डोकावले तर गायक घाईत आहे.

प्रश्न : ऑर्गन न आणता कीबोर्डवर भागवतात. फरक पडतो का? (बेळगाव)

पडतो. ऑर्गनला पायाने हवा द्यायची असते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि खर्जाचा सलग भरणा मिळतो. गायक श्वास घेतो तेव्हा ती पोकळी ऑर्गन भरतो. कीबोर्डवर तो नाद ध्वनिमुद्रित नमुना म्हणून निघतो, पण हवेचा दाब कमीजास्त करून स्वर फुगवणं जमत नाही.

आयोजकांची बाजूही खरी. वाद्य उचलायला चार माणसं लागतात, कोकणातल्या दमट हवेत बोटांखालच्या पट्ट्या अडकतात, कुठे उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलेलं असतं. शिवाय जुन्या ऑर्गनची पट्टी आजच्या हार्मोनिअमशी जुळत नाही, आणि दोन्ही एकत्र वाजले की स्वराला थरथरणाऱ्या लाटा येतात. ही तपासणी सोपी आहे : दोन्हींवर तोच षड्ज एकदम धरा. लाटा आल्या तर त्या ऑर्गनपेक्षा कीबोर्ड बरा.

प्रश्न : आमच्या मंडळाला भारतातून गायक बोलवायचे आहेत. पर्यटक व्हिसावर येऊन गायलं तर चालेल का? (न्यू जर्सी)

मानधन घेऊन गायचं असेल तर चालणार नाही. अशा पारंपरिक कलेसाठी पी-३ व्हिसा असतो, सोबतच्या आवश्यक सहायकांसाठी पी-३एस. अर्ज अमेरिकेतल्या आयोजकाने आय-१२९ नमुन्यावर करायचा असतो, सोबत तिथल्या संबंधित कामगार संघटनेचं मतपत्र लागतं. अर्ज मंजूर झाल्यावर भारतातल्या वकिलातीतली मुलाखत उरतेच. सात-आठ महिने हाताशी ठेवा. एकट्या मंडळाला हे महाग पडतं, म्हणून तीनचार शहरांनी मिळून दौरा आखावा. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी असतं, त्याच्या आगेमागे शनिवार-रविवार धरले तर प्रवासखर्च वाटला जातो. पण सलग तीन संध्याकाळी तीन शहरं ठेवू नका. तिसऱ्या दिवशी आवाज बसतो आणि ज्यांनी सर्वांत आधी पैसे भरले त्यांच्याच वाट्याला बसलेला आवाज येतो.

तबलजी स्थानिक असेल तर पदांची यादी, ताल आणि पट्टी महिनाभर आधी पाठवा. भारतातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा तिथल्या ११० व्होल्टवर चालतो का ते निघण्यापूर्वी तपासा. तबला-डग्गा कडक पेटीत, पुडीवर कापडाची चकती ठेवून पाठवा आणि पोहोचल्यावर लगेच हातोडी मारू नका. एक रात्र खोलीत राहू द्या, मग जुळवा.

प्रश्न : वन्स मोअर कधी द्यावा? आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर? (पुणे)

पद संपून तबल्याची शेवटची थाप पडल्यावर. तानेच्या मध्ये दिलेली दाद चालते, पण तिथे वन्स मोअर ओरडलात तर गायकाची सम (तालाची पहिली मात्रा) चुकवाल. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नको, आणि उंचावलेला चकाकता पडदा मागच्या चार माणसांची मैफल मोडतो. ‘अगा वैकुंठीच्या राया’ सुरू झालं की ती भैरवी असते. त्यानंतर फर्माईश करू नये, आणि पार्किंगची गर्दी टाळायला मधूनच उठूही नये.