वर्गात शिक्षकाचा एकच मोबाइल असेल, तर आकारिक मूल्यमापनासाठी, म्हणजे शिकवत असतानाच मुलांना किती समजले हे तपासण्यासाठी, तंत्रज्ञान वापरता येईल का?
होय, एक मोबाइल पुरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवरील मुलांकडून फोनची अपेक्षा ठेवणेच मला अयोग्य वाटते, म्हणून प्लिकर्स या ॲपची छापील कार्डे वापरावीत: प्रत्येक कार्डावरील नक्षी वेगळी असते, विद्यार्थी निवडलेल्या पर्यायाची बाजू वर धरतो आणि शिक्षकाच्या मोबाइलचा कॅमेरा साऱ्या वर्गाची उत्तरे टिपतो, त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड होते. मात्र चुकीचे पर्याय विचारपूर्वक रचावेत. १/२ + १/३ या बेरजेसाठी २/५ हा पर्याय ठेवला, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुले लगेच लक्षात येतात आणि त्याच तासाला भाकरीचे समान तुकडे दाखवून ती संकल्पना पुन्हा शिकवता येते. या उत्तरांना गुण देऊ नयेत. नोंदवहीत केवळ अडचण लिहावी.