काही झालं नाहीये, तीच तर बातमी आहे

अगं,

तुझा मेसेज वाचला. वस्तीला लागून असलेल्या केमिकलच्या गोदामाची बातमी घेऊन गेलीस तर संपादक म्हणाले 'अजून काही झालंच नाहीये, मग बातमी कसली', आणि तू लगेच पर्यावरणाच्या बातम्यांचं बीट सोडायच्या गोष्टी करायला लागलीस. सोडू नकोस, एवढं आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाच.

राजकुमार केसवानी हे नाव तुझ्या कानावर असेलच. भोपाळमध्ये रपट नावाचं छोटंसं साप्ताहिक काढायचे. 1981 च्या डिसेंबरमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी वायूने एक कामगार गेला, तेव्हापासून ते त्या विषयाच्या मागेच लागले, कामगारांशी बोलले, कंपनीच्याच सेफ्टी ऑडिटचा रिपोर्ट मिळवला आणि 1982 मध्ये एकामागून एक लेख लिहून शहराला सांगितलं की आपण कशाच्या शेजारी झोपतोय. विधानसभेत विषय निघाला तर मंत्र्यांनी धोका नाही म्हणून सांगून टाकलं. जून 1984 मध्ये केसवानींनी जनसत्ता या हिंदी दैनिकात पुन्हा लिहिलं. आणि त्याच वर्षी 2 डिसेंबरच्या रात्री टाकी फुटल्यासारखा वायू सुटला, हजारो माणसं गेली.

लोक ही गोष्ट एका धाडसी पत्रकाराची म्हणून सांगतात. धाडस होतंच, पण मला त्यात जास्त बोचतात ते बाकीचे मोठे पेपर, ज्यांनी विषय उचललाच नाही. एका साप्ताहिकाला दुर्लक्षून चालतं, पण तोच प्रश्न पाच पेपर आणि रेडिओ महिनाभर रोज विचारायला लागले की नुसतं 'धोका नाही' म्हणून कुणाला सुटता येत नाही, कागद दाखवावे लागतात. म्हणून दुसऱ्या कुणी तुझ्या आधी बातमी केली तर 'आता ती त्यांची झाली' म्हणून टाकून देऊ नकोस, तिथून पुढे तू चालू कर.

त्या रात्रीचं अजून एक आहे. लोक जीव घेऊन पळाले, पण वारा कुठला आहे ते बघून पळायचं, नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं, हे वस्तीतल्या माणसांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात तर 26 एप्रिल 1986 ला स्फोट झाला आणि सरकारी माध्यमांनी पहिली चार ओळींची बातमी दिली 28 च्या संध्याकाळी, तीही स्वीडनमध्ये रेडिएशन पकडलं गेल्यावर. त्यामुळे धोक्याची बातमी लिहिताना 'मग मी काय करू' या वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच बातमीत पाहिजे. नुसती भीती घातली की लोक दोन दिवस घाबरतात आणि तिसऱ्या दिवशी वाचायचं बंद करतात, आणि मला नाही वाटत त्यात त्यांचं काही चुकतं.

आकडे नीट समजावून दे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असं आपण बिनधास्त छापतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, आत्ताच येऊन गेला, आता नातवंडं बघतील. खरं म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता, म्हणजे 30 वर्षं नदीकाठच्या घरात राहिलं तर साधारण 26 टक्के, चारातला एक. हवेचंही तसंच. 'प्रदूषण मर्यादेत' असं कुणी म्हणालं की लगेच विचार, कुणाची मर्यादा? पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, वर्षाची सरासरी भारतात घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 5 वर आणली. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छाप, वाचकाला बरोबर कळतं.

दोन्ही बाजू घ्यायच्या म्हणून हवामानबदलावर एक शास्त्रज्ञ आणि एक 'असं काही नसतंच' म्हणणारा समोरासमोर बसवायचा, हे तर करूच नकोस. बीबीसीने 2018 मध्ये आपल्या लोकांना स्पष्ट कळवलं होतं की समतोलासाठी नाकारणारा माणूस आणायची गरज नाही. वाद उपायांवर खूप आहेत, खर्च कुणी करायचा, कुणाची जमीन जाणार, कुणाचा रोजगार जाणार, तिथे हव्या तेवढ्या बाजू घे, आणि ज्यांच्या अंगावर येणार आहे त्यांची बाजू आधी घे.

आता तुझं ते वस्तीला लागून असलेलं केमिकलचं गोदाम. संपादकांकडे परत जाताना 'धोका आहे' एवढंच म्हणू नकोस, आत काय साठवलंय, किती, परवानगी किती साठ्याची आहे, शेवटचं मॉक ड्रिल कधी झालं आणि भोंगा वाजला तर कुठे जायचं हे शेजारच्या दहा घरांना माहीत आहे का, हे सगळं घेऊन जा. ती दहा घरं स्वतः फिर, फोनवर नको. प्रश्न लेखी पाठव आणि उत्तर नाही आलं तर कुठल्या तारखेला विचारलं होतं तेही छाप. छापून आल्यावर महिन्याने परत जा, काय बदललं ते बघायला.

ड्राफ्ट झाला की पाठव, आकडे मी तपासून देतो.