मादागास्करचे लोक आफ्रिकन म्हणायचे की आशियाई?

मादागास्कर नकाशात मोझांबिकसमोर, जेमतेम चारशे किलोमीटरवर. मग फोटोतले लोक इंडोनेशियातले का वाटतात, असं तुम्ही विचारलंय. नोकरीनिमित्त मी राजधानी अंतानानारिव्होत राहिलोय. माझं उत्तर: दोन्ही, पण बेटावर कुठे उभे आहात त्याप्रमाणे प्रमाण बदलतं.

इथल्या मालागासी भाषेचं सगळ्यात जवळचं नातं निघतं ते थेट इंडोनेशियाच्या बाजूच्या बोर्निओ बेटातल्या, बारितो नदीच्या खोऱ्यातल्या मान्यान भाषेशी. नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ ओट्टो दाल यांनी १९५१ साली हे सविस्तर दाखवून दिलं. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी माणसं अख्खा हिंदी महासागर ओलांडून इथे पोचली. पश्चिम किनाऱ्यावरचे वेझो कोळी आजही उलांडीच्या (बाजूला तोल सांभाळणारं लाकूड बांधलेल्या) होड्या वापरतात, त्या त्याच वंशावळीतल्या. गुरं मात्र समोरच्या आफ्रिकेतून आली आणि गाय, मेंढी, कोंबडी यांची नावंही तिथल्या बांतू भाषांमधून. वारांची नावं अरबांची: मंगळवार म्हणजे तलाता.

मधल्या पठारावरच्या मेरिना आणि बेत्सिलेओ लोकांत आशियाई चेहरेपट्टी जास्त दिसते, किनाऱ्यावर आफ्रिकी. मेरिना राजांनी एकोणिसाव्या शतकात बेटाचा बराच भाग ताब्यात घेतला, १८९६ साली फ्रेंचांनी ते वसाहत केलं, १९६० साली स्वातंत्र्य मिळालं. पठारवाले आणि किनाऱ्याचे ही अढी मात्र राजकारणात अजून आहे आणि गप्पांमध्येही जाणवते.

पण खरा आशिया बघायचा तर ताटात बघा. तिन्ही त्रिकाळ भात! बाजारात तांदूळ किलोवर कमी आणि ‘कपुआका’वर जास्त विकला जातो, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कच्या रिकाम्या डब्याच्या मापाने. भात झाला की पातेल्याला लागलेल्या करपलेल्या खरवडीत पाणी घालून उकळतात आणि तेच जेवताना पितात. पहिल्यांदा मला ते धुराचं पाणी वाटलं, नंतर आवडायला लागलं. सकाळी रस्त्याकडेला ‘मोफो गासी’ मिळतात: तांदळाच्या पिठाचे, किंचित गोड, आपल्या अप्प्यांसारखेच साच्यात भाजलेले. खुद्द राजधानीत इमारतींच्या मध्येमध्ये भातखाचरं आहेत. दक्षिणेच्या कोरड्या भागात मात्र माणसाची पत वशिंडाच्या गुरांवर ठरते. महाफाली लोकांच्या थडग्यांवर त्या गुरांची शिंगं रचलेली असतात.

थडगी हा तिथला सगळ्यात गंभीर विषय. पठारावर, साधारण जुलै ते सप्टेंबरच्या थंडीत, ‘फामादिहाना’ होतो. काही वर्षांनी एकदा घराण्याचं थडगं उघडून पूर्वजांचे अवशेष बाहेर आणतात, नव्या वस्त्रात गुंडाळतात, खांद्यावर घेऊन बँडच्या तालावर नाचतात आणि परत आत ठेवतात. परक्याला हे भीषण वाटेल, पण वातावरण लग्नघराचं असतं. आमंत्रितांना जेवण, नातेवाईकांची गर्दी आणि खर्चाची कुरकुरही. काही चर्चना हे मान्य नाही. खर्च झेपत नाही म्हणून लांबणीवर टाकणारीही घरं आहेत.

आता जमीन. ती आपल्या भावकीतली आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून तुटून उत्तरेकडे सरकला. बेटाचा पूर्व किनारा पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे, तो त्या तुटण्याच्या रेषेवरच. त्याला लागून उभा कडा आहे. पूर्वेकडून येणारे वारे त्यावर पाऊस ओततात आणि पश्चिम कोरडी राहते. गोरखचिंचेच्या आठ जातींपैकी सहा फक्त याच बेटावर उगवतात, त्यातल्या बहुतेक त्या कोरड्या बाजूला. माती लाल, जांभ्याची. कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटेल, पण जंगल गेलेल्या डोंगरांवर तिला जे प्रचंड ओघळ पडलेत ते बघवत नाहीत. पावसाळ्यात बेत्सिबोका नदी विटकरी होऊन समुद्राला मिळते.

जाणार असाल तर जानेवारी ते मार्च टाळा, चक्रीवादळांचे दिवस असतात. जुलैत गेलात तर स्वेटर न्या, राजधानी सुमारे बाराशे-तेराशे मीटर उंचीवर आहे. आणि प्रत्येक गावाचे ‘फादी’, म्हणजे निषेध, वेगळे असतात. कुठे डुकराचं मांस चालत नाही, कुठे ठरावीक वारी शेतात काम करत नाहीत. थडग्याकडे सरळ बोट दाखवणं बऱ्याच ठिकाणी वर्ज्य, बोट दुमडून दाखवायचं. गावात शिरताना आधी विचारून घ्या, विचारलेलं त्यांना आवडतं.