'समुद्रावर गेले, पण काहीच वाटलं नाही'

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून ही तक्रार हमखास येते. हरिहरेश्वर झालं, गणपतीपुळे झालं. बरोबरच्यांचे डोळे भरून आले, कुणाचं ध्यान लागलं. 'मीच कोरडी राहिले. माझ्यातच काही कमी आहे का?'

आधी एक खात्री करून घ्यावी लागते. समुद्रच नव्हे, तर नातवंडं, गाणं, आवडीचं जेवण अशा कशातच मन रमत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर समुद्र बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. बाकीच्यांसाठी पुढचं.

पार्ल्याच्या एक बाई (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, दोन ध्यानशिबिरं, रोजचं नामस्मरण. घरात हसतमुख.

"समुद्रासमोर बसल्यावर तुम्ही नेमकं काय करता?"

"डोळे मिटते. श्वासाकडे लक्ष देते. मग वाट बघते."

"कशाची?"

"काहीतरी वाटण्याची! एवढ्या लांब गेलोय, खर्च केलाय. वाटलंच पाहिजे ना?"

हा 'च' माझ्या ओळखीचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत मी तयार झाले, त्यामुळे बोलण्यातला 'च' माझ्या कानाला आधी टोचतो. 'वाटलं तर छान' ही इच्छा. 'वाटलंच पाहिजे' हा हट्ट. हट्ट आला की माणूस दर दोन मिनिटांनी मनाचं झाकण उघडून बघतो, झालं का तयार? अशानं भातसुद्धा शिजत नाही.

त्यांना मी मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांची गोष्ट सांगितली. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी १९२७ साली फ्रॉइडना पत्रातून एका 'सागरासारख्या' भावनेबद्दल लिहिलं होतं. अथांगाशी एकरूप झाल्याची ती भावना रोलाँना धर्माचा झरा वाटत होती. फ्रॉइडनी १९३० साली छापून कबूल केलं, की मला स्वतःत ती कुठे सापडत नाही.

"म्हणजे माझी संगत अगदीच वाईट नाही," बाई पहिल्यांदा हसल्या.

मग मी त्यांना जुहूला जायला सांगितलं. "जुहू? ती भेळ आणि गर्दी?" हो, तेच. फक्त ओहोटीला. कोळीवाड्यातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला आणि ओहोटी त्याआधी सहा तास, साडेसातला. दोन्ही पक्षांना हेच लागू. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाइलवर वेळ ताडून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप मागे हटतं, आणि मुंबईत ही खोल ओहोटी नेमकी सकाळी मिळते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी फारसं मागे हटत नाही तेव्हा, जाऊन हिरमुसू नये.

ओल्या, घट्ट वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधे खेकड्याचं छोटंसं बीळ. तिथून दोन-तीन हातांवर बसायचं. उभं राहायचं नाही, आपली सावली बिळावर पाडायची नाही, फोन पिशवीत, डोळे उघडे. दहा मिनिटं हलायचं नाही. बहुतेकांचं इथेच बिनसतं: पाय हलला की खेकडा आत, नाहीतर माणूस कंटाळून पुढे. घोळक्यानं गेलात तर बोलण्यातच वेळ जातो.

पुढच्या भेटीला बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

"नखाएवढा जीव हो! वाळू उचलतो, तोंडाशी नेतो, त्यातलं खायचं ते खातो आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून सरळ रेघ, मग दुसरी, सूर्याच्या किरणांसारखी. चाळीसनंतर माझी मोजणी चुकली. पंधरा मिनिटांसाठी गेले होते, साडेनऊ वाजले. पाणी आलं आणि सगळं पुसलं. तो आपला आत. पुढच्या ओहोटीला परत सुरू!"

"मग काय वाटलं?"

"अहो, ते बघायचंच राहिलं."

आम्ही दोघी गप्प बसलो. मला हवं होतं ते एवढंच. इतकी वर्षं बाई समुद्राकडे पाठ करून स्वतःच्या मनाकडे तोंड करून बसत होत्या. केल्टनर आणि हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली विस्मयाचे दोन घटक मांडले: आपल्याहून अफाट काहीतरी, आणि ते मावेना म्हणून डोक्यातली चौकट ताणावी लागणं. लोक पहिल्यासाठी क्षितिजाकडे बघत बसतात. माझ्याकडे येणाऱ्यांना बहुधा दुसरा आधी भेटतो, तोही बिळाच्या तोंडाशी.

"पण याला अध्यात्म म्हणायचं का?" त्यांनी विचारलंच. म्हटलं, नाव ठेवायची घाई नको. बारसं बाराव्या दिवशी असतं.

आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, आठ आठवडे. सॅन फ्रान्सिस्कोत ज्येष्ठांवर झालेल्या २०२० च्या अभ्यासातलं हे वेळापत्रक मी घेतलं आहे; फक्त तिथे लोक चालत फिरत होते, इथे बसायचं. तिथे लोकांनी काढलेल्या सेल्फींमध्ये आठवड्यागणिक हसू रुंदावत गेलं आणि चौकटीत स्वतःची जागा कमी होत गेली.

पावसाळ्यात वाळूवर निळे, फुग्यासारखे जीव वाहून येतात. मेलेलेही डंख करतात, तेव्हा भिंतीवरून बघावं. खडकांवर कालवांच्या कडा तळवा चिरतात, चप्पल ठेवावी. आणि भरती लागली की खडक लगेच सोडावेत, पाणी मागच्या बाजूनं फिरून येतं.

पाचव्या भेटीनंतर बाईंनी डायरी काढली. "पुढची तारीख द्या, पण द्वितीया-तृतीया सोडून."